करंट वाढवला आणि मळमळही वाढली: देवगड तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण छत्तीस वर्षांची, देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची सून. चौदाव्या वर्षापासून टाइप-१ मधुमेह. नवरा अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरीला. तीही बरीच वर्षं तिथेच होती, सासऱ्यांच्या आजारपणामुळे मुलासह गावी येऊन राहिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय मुद्दे तसेच ठेवले आहेत.

जूनच्या मध्याला ती कणकवलीत माझ्याकडे आली ती सलग पाच दिवसांच्या उलट्या घेऊन. दोन घासांत पोट भरतं, वरचं पोट फुगतं, आणि सकाळच्या उलटीत आदल्या दुपारचा भात जसाच्या तसा दिसतो. सोबत सासूबाई होत्या. मी नाडी बघायच्या आतच त्या म्हणाल्या, "डॉक्टरानू, मशीन बंद पडला काय ता बघा आधी."

मशीन म्हणजे तिच्या पोटाच्या कातडीखाली बसवलेलं जठराचं विद्युत उत्तेजक यंत्र. आमच्या भागात असं यंत्र असलेला रुग्ण सहसा दिसत नाही. जाडजूड फाईल तिने सोबत आणली होती, आणि पुढची बरीचशी उत्तरं त्या फाईलमध्येच मिळाली.

आधीचा इतिहास

निदान गॅस्ट्रोपॅरेसिसचं. जठराच्या तोंडाशी कसलाही अडथळा नसताना अन्न पुढे सरकत नाही, तासन्‌तास पडून राहतं. याची खात्रीची तपासणी म्हणजे किरणोत्सारी खूण मिसळलेलं हलकं जेवण देऊन चार तास कॅमेऱ्याखाली मोजत राहणं. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं तर ते बिघडलेलं मानतात. तिच्या पोटात ३८ टक्के उरलं होतं.

औषधं करून झाली होती. मेटोक्लोप्रमाइडने चेहऱ्याच्या स्नायूंची नको ती हालचाल सुरू झाल्यावर ते थांबवावं लागलं. हे औषध बारा आठवड्यांपलीकडे चालवू नये असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली दिला तो याच कारणासाठी. डोम्पेरिडोन आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, अमेरिकेत त्याला नियमित मान्यता नाही. शेवटी तिथल्या एका केंद्रात यंत्र बसवलं गेलं. या यंत्राला तिथे २००० साली मानवीय सवलतीखाली परवानगी मिळाली. म्हणजे मोजक्या रुग्णांचा आजार, दुसरा चांगला पर्याय नाही आणि फायदा होण्याची शक्यता धोक्याहून जास्त, एवढ्या आधारावर. परिणाम सिद्ध झाल्याचं ते प्रमाणपत्र नव्हे. नातेवाइकांना हा फरक समजावणं फार जड जातं. अमेरिकेत बसवलं म्हणजे पक्कंच असणार, हे गृहीत धरलेलं असतं.

मशीन नेमकं काय करतं

सासूबाईंचा दुसरा प्रश्न अगदी रास्त होता: "ह्या मशिनीन पोट चालता की नाय?"

नाही चालत. निरोगी जठरात मिनिटाला साधारण तीन मंद विद्युत लहरी उठतात आणि स्नायू त्यांच्या तालावर आकुंचन पावतात. हा ताल यंत्राने पकडून द्यायचा तर शेकडो मिलिसेकंद लांबीचे झटके लागतील, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा कातडीखाली मावणाऱ्या बॅटरीतून मिळणार नाही. या यंत्राचं एक स्पंदन फक्त ३३० मायक्रोसेकंदांचं असतं. एवढ्याशा झटक्याने जठराचा स्नायू हलत नाही, मज्जातंतूंची नस मात्र जागी होते. जठराच्या बाहेरच्या मोठ्या वळणावर, खालच्या दारापासून साधारण दहा सेंटिमीटर वर, स्नायूच्या थरात दोन इलेक्ट्रोड ओवलेले असतात. प्रमाणित मांडणी अशी: ५ मिलिअँपिअर, सेकंदाला १४ स्पंदनं, पण चालू वेळ ०.१ सेकंद आणि बंद वेळ ५ सेकंद. हिशेब केला तर प्रत्येक खेपेला जेमतेम दोन स्पंदनं जातात, आणि तासाला अशा सुमारे सातशे खेपा होतात.

म्हणून यंत्र बसल्यावर उलट्या कमी झाल्या तरी अन्न पुढे सरकायचा वेग बहुधा तेवढाच राहतो. फ्रान्समध्ये १७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्र आळीपाळीने चालू आणि बंद ठेवलं होतं, रुग्णाला न कळवता. चालू असताना उलट्या कमी झाल्या, जठर रिकामं होण्याचा वेग मात्र वाढला नाही. मग उलट्या कमी होतात कशा? सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर व्हेगस नस हे आहे. मेंदूपासून मानेतून, छातीतून पोटापर्यंत येणाऱ्या या नसेतले सुमारे ऐंशी टक्के धागे पोटाची खबर वर नेणारे असतात. मळमळीची जाणीव वरच ठरते, आणि यंत्र बहुधा तिथे जाणाऱ्या निरोपात ढवळाढवळ करतं.

आधी करंट वाढवला

फाईलमधली पहिली दोन वर्षं वाचताना एक नेहमीचीच गोष्ट दिसते. सुरुवातीला बरं वाटलं. सहा महिन्यांनी मळमळ परतली. तपासणीत बॅटरी ठीक, लीड म्हणजे यंत्रापासून जठरापर्यंत जाणारी तारही ठीक. मग करंट ५ वरून ७, पुढे १० मिलिअँपिअर. एका स्पंदनातला विद्युतभार १.६५ मायक्रोकूलोमवरून ३.३ वर गेला, म्हणजे दुप्पट. आणि तिच्या लक्षणांचा गुणांक? तोही चढत गेला. वरच्या पोटात ओढल्यासारखं दुखणं नव्याने सुरू झालं.

यात तिथल्या डॉक्टरांची हयगय नव्हती. प्रचलित रीतच तशी आहे: आराम नाही तर आधी करंट वाढवा, मग चालू वेळ, मग स्पंदनांची संख्या. अडचण अशी की खुंटी पिळल्यावर तार सुरात आली की नाही हे रुग्णाच्या मळमळीच्या वहीवरून, कित्येक आठवड्यांनी कळतं. मधल्या काळात साखर वरखाली होते, पाळी येते, प्रवास होतो, लग्नकार्यात चार घास जास्त जातात. वहीतली मळमळ यातल्या नेमक्या कशाची, हे कोण सांगणार? हृदयाच्या पेसमेकरमध्ये झटका लागू पडला की नाही हे ईसीजीवर तिथल्या तिथे दिसतं. जठराच्या यंत्रात तसा आरसाच नव्हता.

मानेवरचं मापन

हा आरसा घडवण्याचा प्रयत्न इंडियानातच झाला. पर्ड्यू विद्यापीठ आणि इंडियाना विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय यांच्या संशोधकांनी २०२० साली ६६ रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. रुग्ण जागा, आडवा. मानेच्या दोन्ही बाजूंना, व्हेगस नस जिथून जाते त्या भागावर, कातडीला चिकटवलेले इलेक्ट्रोड. टोचणं नाही, कापणं नाही. पोटातलं यंत्र त्याच्या लयीत स्पंदनं सोडत राहतं, आणि प्रत्येक स्पंदनानंतर मानेतल्या नसेतून काही जातं का, ते नोंदवलं जातं.

ऐकायला सोपं वाटतं. पण कातडीवर पोहोचणारा नसेचा संकेत इतका क्षीण असतो की हृदयाचे ठोके, मानेचे स्नायू, आवंढा गिळणं यांच्या गोंगाटात तो बुडून जातो. मग युक्ती सरासरीची. स्पंदनाचा क्षण माहीत असतो, म्हणून शेकडो खेपांच्या नोंदी त्या क्षणाशी जुळवून एकमेकींवर ठेवायच्या. ज्या गोष्टीचा स्पंदनाशी संबंध नाही ती सरासरीत विरते, ज्याचा आहे ते उरतं. गोंगाट खेपांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटतो. शंभर खेपांनी दहापट, चारशेंनी वीसपट. तासाला सातशे खेपा असल्या तर एका बैठकीत काम होतं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. यंत्राच्या झटक्याची थेट विद्युत सावलीही मानेपर्यंत येते, आणि ती नसेच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठी असते. दोन्ही वेगळे ओळखायचे ते वेळेवरून. सावली सगळ्या इलेक्ट्रोडवर त्याच क्षणी उमटते. नसेतला संदेश मात्र चालत येतो. जठरापासून मानेपर्यंतची वाट ढोबळमानाने ४० सेंटिमीटर धरली, तर सेकंदाला दहा मीटर धावणारा धागा ४० मिलिसेकंदांनी पोहोचेल आणि सेकंदाला एक मीटर चालणारा सी-प्रकारचा धागा ४०० मिलिसेकंदांनी. म्हणजे उशिरावरून नुसतं उत्तर आलं की नाही एवढंच नव्हे, कुठल्या जातीच्या धाग्याने दिलं तेही समजतं. पाच सेकंदांची शांतता इथे कामी येते. मंद धाग्यांचं उत्तर येऊन संपेपर्यंत पुढची खेप सुरू झालेली नसते.

या कामाचे दोन निष्कर्ष तिच्या प्रकरणाला थेट लागू पडतात. एक, स्पंदनातला विद्युतभार किती यावरून रुग्णाला आराम पडेल की नाही ते ठरलं नाही. मानेत डावी-उजवीकडे किती ठळक उत्तरं मिळाली, त्यांची संख्या मात्र लक्षणं कमी होण्याशी जुळली. दोन, टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये विद्युतभार वाढवला तशी लक्षणं वाढली. तिची फाईल हेच सांगत होती.

पुढे तिचंही असं मापन झालं. करंट पायरीपायरीने उतरवत नेला. साडेपाच मिलिअँपिअरला दोन्ही बाजूंना उत्तरं दिसत होती. त्यावर नेल्यास नव्या उत्तरांची भर पडत नव्हती, सावली तेवढी मोठी होत होती. यंत्र तिथेच लावलं. पोट दुखणं थांबलं, उलट्या आठवड्यातून एक-दोनवर आल्या.

इथे मला थोडं आवरून बोललं पाहिजे. त्याच महिन्यांत तिला सतत साखर मोजणारा सेन्सर लागला आणि इन्सुलिनची वेळ जेवणाआधीऐवजी जेवणानंतर गेली. जठर मंद असेल तर आधी घेतलेलं इन्सुलिन अन्न पोहोचण्याआधीच काम करून जातं. साखर कोसळते आणि मग उशिराने उसळते. साखर चढली की जठर आणखी मंदावतं. या चक्रातून ती त्याच वेळी सुटली. तेव्हा सगळं श्रेय मानेवरच्या मापनाला देणं मला पटत नाही. ६६ रुग्णांच्या कामातही संबंध दिसला आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. ज्यांच्या नसेत जिवंत धागे जास्त उरलेत त्यांना कसंही बरं वाटलं असतं, हीही शक्यता राहतेच. पण न मोजता करंट वाढवत जाण्याला या मापनाने एक थांबा दिला, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत एवढ्यातच आहे. देवगडहून यंत्र जुळवून घ्यायला प्रत्येक वेळी घाट चढावा किंवा विमान पकडावं लागणाऱ्या माणसासाठी तर ती किंमत फार मोठी.

जूनमधल्या उलट्या

टाइप-१ मधुमेह आणि उलट्या म्हटलं की पहिली शंका कीटोनची, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणाऱ्या आम्लांची. साखर ३४० होती, लघवीत कीटोन थोडे, रक्तातली आम्लता बेताची. सलाइन आणि इन्सुलिनवर दुसऱ्या दिवशी साखर खाली आली, उलट्या थांबल्या नाहीत. म्हणजे साखर हे एकटं कारण नव्हतं.

यंत्राची चौकशी इथल्या साधनांनी जेवढी होते तेवढी केली. ईसीजी मशीनचा स्नायूंचा गोंगाट गाळणारा फिल्टर बंद केला आणि लांब पट्टी काढली. पाच-पाच सेकंदांनी बारीक जोडकाटे उमटत होते, दोन काट्यांत सुमारे ७१ मिलिसेकंद. सेकंदाला १४ स्पंदनं म्हणजे तेवढंच अंतर हवं. यंत्र बंद पडलेलं नव्हतं. एक्स-रेमध्ये लीड कुठे तुटलेली नव्हती. सासूबाईंना पट्टी दाखवली, त्यांचा जीव भांड्यात पडला. पण हे काटे म्हणजे वर सांगितलेली सावलीच. करंट नसेपर्यंत पोहोचतो की नाही हे त्यातून कळत नाही.

नसेची दुसरी एक चाचणी ओपीडीत होते, तीही केली: मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावून ठोक्यांतला चढउतार मोजणं. पंधरा किंवा जास्त ठोक्यांचा फरक चांगला, दहाच्या खाली बिघडलेला. तिचा सहा आला. एवढ्यावरून कुणी म्हणेल, व्हेगस गेली, यंत्राचा उपयोग संपला. पण ही चाचणी मेंदूकडून हृदयाकडे उतरणारे धागे तपासते, आणि यंत्राची मदार पोटाकडून वर जाणाऱ्या धाग्यांवर आहे. तिच्या जुन्या नोंदीत ते धागे बोलत होते. श्वासाची चाचणी मानेवरच्या मापनाची जागा घेऊ शकत नाही, हे या प्रकरणात मला फार स्पष्ट दिसलं.

नवऱ्याचा फोन आला: "डॉक्टर, तिकडे कुठे करंट वाढवून मिळेल का?" त्याला लागणारं प्रोग्रॅमर यंत्र आमच्याकडे नव्हतं. बरंच झालं. असतं तर दबावाखाली कुणीतरी पहिलं तेच केलं असतं.

मग खाण्याकडे वळलो. रोज काय खातेस? सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी मऊ भात, मुगाचं कढण, काटे काढून कुस्करलेला मासा. सोलकढीतला नारळाचा रस तिने आपणहून सोडला होता, नुसतं कोकमाचं सार घेत होती. मंद जठराला बारीक, मऊ, कमी तेलातूपाचं आणि कमी चोथ्याचं अन्न मानवतं, आणि आपली पेज त्यात चपखल बसते. कुठलंही छापील आहारपत्रक द्यायची गरज नव्हती. मग बिनसलं काय? नेमकं विचारल्यावर उलगडलं. वटपौर्णिमा होऊन गेली होती. वाणात फणसाचे गरे होते, घरचा बरका फणस. दिवसभराचा उपास, मग गरे. त्यानंतरही तीन-चार दिवस घरात फणस होताच. "दोनच गरे खाल्ल्यान," सासूबाई म्हणाल्या. सून काही बोलली नाही.

बरक्याचा गरा लिबलिबीत आणि तंतुमय. चावला जात नाही, गिळलाच जातो. निरोगी माणसाच्या जठरात उपाशी वेळी दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट येऊन न पचलेला चोथा बाहेर झाडून नेते. मधुमेही गॅस्ट्रोपॅरेसिसमध्ये जठरातली ही लाट बऱ्याचदा नाहीशी होते. चोथा साठतो, तंतू एकमेकांत गुंततात आणि गोळा बनतो. यंत्र ही लाट परत आणत नाही. नस कितीही छान उत्तर देत असली तरी गोळा तिथेच राहणार.

फोंडा घाटात पाऊस लागला होता, तरी कोल्हापूरला पाठवलं. तिथे दुर्बिणीतून तपासणी झाली आणि जठरात तंतूंचा गोळा सापडला. पाठवण्याआधी फोन करून यंत्राबद्दल सांगितलं होतं, त्यामुळे विजेचा चटका देणारी साधनं टाळून साध्या तारेच्या फासाने गोळा तोडला. उरलेला चोथा मऊ व्हावा म्हणून साखर नसलेलं कोला पेय दिलं. कोलाने वनस्पतींच्या चोथ्याचा गोळा विरघळतो, हे बऱ्याच प्रकरणांत नोंदलं गेलं आहे. चौथ्या दिवशी ती पेज पचवत होती. यंत्राला हात लावला नाही.

जाता जाता सापडलेला धोका

घरी सोडताना ती म्हणाली, उजवा खांदा आखडलाय, सोमवारपासून मशीनचा शेक घ्यायचाय. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडणं नेहमीचंच. पण हा शेक शॉर्टवेव्ह डायथर्मीचा असला तर अंगात लीड असलेल्या माणसाला तो सक्त मनाई आहे. उच्च वारंवारतेची ऊर्जा लीडमध्ये शिरून इलेक्ट्रोडच्या टोकाशी ऊतक जाळू शकते, यंत्र बंद ठेवलं तरीही. शेक खांद्याला आहे, यंत्र पोटात आहे, हा युक्तिवाद चालत नाही. फिजिओथेरपिस्टला फोन केला. त्यांना यंत्राची कल्पनाच नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि तिला सांगावंसं वाटलं नव्हतं. आता तिच्या पर्समध्ये मराठीत लिहिलेलं एक कार्ड आहे: यंत्र कुठे आहे, मांडणी काय आहे, डायथर्मी नको, एमआरआयआधी विचारा, शस्त्रक्रियेत चटका द्यावा लागला तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा.

सध्या

ऑक्टोबरपर्यंत उलट्या महिन्यातून दोन-तीन. वजन दोन किलोंनी वाढलं. डिसेंबरात ती इंडियानाला जाणार आहे. तिथल्या डॉक्टरांना पाठवलेल्या पत्रात मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. लीडचा रोध मोजावा, कारण यंत्र व्होल्टमध्ये लावलेलं असतं आणि रोध वाढला असेल तर कागदावर साडेपाच दिसणारा करंट प्रत्यक्षात कमी झालेला असेल. आणि मानेवरचं मापन पुन्हा करावं, साखर १४० ते १८०च्या दरम्यान स्थिर असताना, आणि जमलं तर दुसऱ्या वेळी ती चढलेली असताना. चढलेल्या साखरेत त्याच करंटला नसेची उत्तरं कमी होतात का, हे मला पाहायचं आहे. होत असतील तर पुढच्या पावसाळ्यात उलट्या सुरू झाल्यावर फोनवर करंटचा विषय निघायच्या आत तिच्या सेन्सरचा आलेख मागवायचा, असं नवऱ्याशी बोलून ठेवलं आहे.